रेषा, रंग आणि भाव

रांगोळी स्पर्धेत पहिला नंबर जाहीर होतो, टाळ्या वाजतात. पण तो का दिला, हे फार कमी वेळा सांगतात. मग बाकीच्या मुली काय शिकून घरी जातात? म्हणून आज आम्ही चित्र पारखायला शिकण्याची एक जुनी गोष्ट सांगणार आहोत.

मुंबईत 1857 साली जे. जे. कलाशाळा सुरू झाली. तिथं परदेशी मूर्तींचे प्लॅस्टरचे साचे समोर ठेवून मुलं चित्रं काढत. हुबेहूब उतरवण्याला मोठा मान. 1865 मध्ये जॉन ग्रिफिथ्स हे शिक्षक तिथं आले. 1872 ते 1885 या काळात त्यांनी विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रं उतरवून घेतली. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच एक. लेण्यात अंधार, जागोजागी गिलावा पडलेला. तिथं एकेका चित्रापुढं दिवसच्या दिवस बसायचं, म्हणजे नजर आपोआप तयार होते. रेघ कुठं जाड झाली, हात असाच का वळवला, हे बघितल्याशिवाय उतरवताच येत नाही.

सोळाव्या लेण्यात एक चित्र आहे. बुद्धांचा सावत्र भाऊ नंद भिक्षू झाला. त्याचा मुकुट घेऊन माणूस घरी येतो आणि बायको सुंदरी कोसळते. मान लवलेली, डोळे मिटत चाललेले, दासी तिला सावरतेय. ग्रिफिथ्स यांनी त्याबद्दल लिहिलं, ते थोडक्यात असं: इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या चितार्‍यानं रेखाटन याहून चांगलं केलं असतं, व्हेनिसच्या चितार्‍यानं रंग, पण याहून जास्त भाव कुणालाच आणता आला नसता.

बघा, त्यांनी रेषा, रंग आणि भाव वेगवेगळे तोलले. एक उणं म्हणून सगळं चित्र टाकून दिलं नाही. आपल्या चित्राला माप इटलीचं लावलं, हे मात्र आम्हाला खटकतं. आणि राबली पोरं, पुढं 1896-97 मध्ये निघालेल्या पुस्तकावर नाव साहेबांचं! त्याआधीच, 1885 मध्ये, लंडनच्या आगीत बर्‍याच नकला जळाल्या होत्या.

पुढच्या बैठकीत कुणाचं वारली चित्र मध्ये ठेवा. ‘छान आहे’ हा शब्द त्या दिवशी बंद. आधी प्रत्येकीनं काय दिसतं तेवढंच सांगायचं. मग रेषा, रंग, भाव. जिनं काढलं तिनं तोवर गप्प ऐकायचं आणि शेवटी, आपल्याला काय काढायचं होतं, ते तिनं सांगायचं.