क्रेडिट जमा झालं, मान्य झालं का?

समजा, तुम्ही जुन्या जालन्यात राहता. ‘स्वयम’वरचा एखाद्या आयआयटीच्या प्राध्यापकांचा कोर्स घरी बसून पूर्ण केला, केंद्रावर जाऊन परीक्षा दिली, प्रमाणपत्रही आलं. आता त्याचं क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, तुमच्या पदवीत धरायचं की नाही हे कोण ठरवणार? हा प्रश्न इंटरनेटपेक्षा जुना आहे.

1956 पर्यंत जालना हैदराबाद राज्यात होतं. 1950 साली औरंगाबादला पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलेलं कॉलेज सुरू झालं, तेव्हा वर्ग मराठवाड्यात भरायचे आणि पदवी मिळायची हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची. 23 ऑगस्ट 1958 ला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. वर्ग जागेवरच राहिले, मान्यता देणारं विद्यापीठ बदललं. म्हणजे शिकवणारा एक आणि पदवी देणारा दुसरा, हे आपल्याला नवीन नाही. फक्त तिथे कॉलेज विद्यापीठाशी संलग्न होतं, अभ्यासक्रम आणि परीक्षा विद्यापीठाच्याच होत्या.

दूरशिक्षणातही तेच. दिल्ली विद्यापीठाने 1962 मध्ये पत्राद्वारे शिक्षण सुरू केलं, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये आलं. विद्यार्थी दूर बसला, पण पाठ, परीक्षा आणि पदवी एकाच घरातली.

ही साखळी तोडली युजीसीच्या 2016 च्या ‘स्वयम’ नियमांनी. शिकवणारी आणि परीक्षा घेणारी संस्था एक, श्रेयांक पदवीत धरणारी दुसरी, आणि दोघींत संलग्नतेचं नातं नाही. सुरुवातीला एका सत्रातले 20 टक्क्यांपर्यंत विषय असे घेता येत; 2021 मध्ये मर्यादा 40 टक्के झाली. त्याच वर्षी ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ आली. या बँकेत तुम्ही स्वतः काही भरू शकत नाही. श्रेयांक संस्थाच जमा करते. ते जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात आणि एका पदवीसाठी वापरले की खात्यातून वजा होतात.

आता नीट बघा: बँकेने साठवण्याचा प्रश्न सोडवला, स्वीकारण्याचा नाही. कोणते कोर्स चालतील हे अजूनही तुमच्या विद्यापीठाची विद्यापरिषद ठरवते. 1958 च्या आधी असो की आज, शिकणं कुठेही होवो, मान्यतेचा शिक्का विद्यापीठाकडेच राहिला.

पीएचडीला येणार असाल तर हे थेट तुमच्या कामाचं आहे. 2022 च्या नियमांनुसार कोर्सवर्कला किमान 12 श्रेयांक लागतात आणि त्यात युजीसीमान्य ऑनलाइन कोर्स धरता येतात. ‘धरता येतात’ आणि ‘धरलेच पाहिजेत’ यांतला फरक लक्षात ठेवा. नियम वाचताना क्रियापद आधी बघायचं, ही संशोधकाची पहिली सवय. म्हणून नोंदणी करण्याआधीच विभागाला विचारा, होकार लेखी घ्या, मग कोर्सला बसा. नाहीतर सत्रभर केलेली मेहनत खात्यात दिसेल, पण गुणपत्रिकेत येणार नाही.