सलूनमधला नंबर आणि ‘दुकान’ हा शब्द

आमच्या गल्लीतल्या सलूनमध्ये रविवारी ही गर्दी असते. तीन खुर्च्या, एक बाकडं आणि नियम एकच, जो आधी आला त्याचा नंबर आधी. बँकेतले साहेब, रिक्षावाले, कॉलेजची पोरं बाकड्यावर शेजारी शेजारी बसतात. मीही कित्येक वर्षं तिथेच कटिंग करतो. यात विशेष काय, असं वाटेल. पण इतिहास पाहिला तर हा नंबर सहजासहजी मिळालेला नाही.

जुन्या गावगाड्यात नाभिक हा बलुतेदार. दर वेळी पैसे नाहीत, सुगीला खळ्यावर धान्य मिळायचं. धोकटी घेऊन तो घरोघर जायचा, पण महारवाड्यात किंवा मांगवाड्यात जायचा नाही. गेलाच तर बाकीचं गाव त्याच्या वस्तऱ्यापुढे मान देणार नाही आणि बलुतं बंद होईल, हा धाक. अस्पृश्यता पाळली जायची त्याच्या हातून, हुकूम मात्र गावाचा. आणि गंमत बघा, ज्या वरच्या जातींसाठी तो हे पाळायचा, त्या त्यालाही खालचाच समजायच्या.

ब्राह्मण विधवांचं केशवपनही त्याच्याच हातून व्हायचं. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक मंडळींनी सभा घेतली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं ठरवलं. लोखंडे म्हणजे सत्यशोधक, ‘दीनबंधू’ चालवणारे, गिरणी कामगारांचे पुढारी. हातावर पोट असलेल्या माणसांनी मिळणाऱ्या पैशावर पाणी सोडलं. आपल्या सामाजिक इतिहासातलं हे पान शाळेत ठळकपणे शिकवायला हवं.

म्हणजे नकार दोन प्रकारचे. एक अन्यायाला दिलेला, दुसरा अन्यायापोटी दिलेला. दुसऱ्याचा बंदोबस्त राज्यघटनेने केला. कलम १५ मध्ये जात-धर्मावरून ‘दुकानात’ मज्जाव करता येणार नाही असं आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी या शब्दाचा अर्थ उलगडून सांगितला. दुकान म्हणजे फक्त माल विकायची जागा नव्हे. येईल त्याला सेवा द्यायला मालक तयार आहे, अशी कोणतीही जागा म्हणजे दुकान. नुसतं आत येऊ देणं पुरेसं नाही, सेवाही द्यावी लागेल. पुढे १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने असा मज्जाव गुन्हा ठरवला.

शहरात कायद्याच्या जोडीला रोख पैसा आला. गिऱ्हाईक अनोळखी, जात कोण विचारणार? बलुत्याचा धाक सुटला आणि कारागीरही मोकळा झाला.

गावांत मात्र हे अजून सगळीकडे झालेलं नाही. कर्नाटक, तमिळनाडूतून दलितांचे केस कापायला नकार दिल्याच्या बातम्या अलीकडेही आल्या आहेत. बातमी वाचून आपण त्या दुकानदाराला चार शिव्या देतो आणि मोकळे होतो. त्याच्यावर गुन्हा जरूर नोंदवा. पण एक प्रश्नही विचारा. त्यानं केस कापले असते तर बाकीच्या गावानं त्याच्याकडे येणं बंद केलं असतं का? उत्तर ‘हो’ असेल, तर आरोपी एकटा तो नाही.