संरचना-तपासनीस (निवासी इमारती)

उभ्या इमारतीची बळकटी तपासून ती राहण्याजोगी आहे, दुरुस्त होण्याजोगी आहे की पाडण्याजोगी, याचा लेखी अहवाल देणारा नोंदणीकृत संरचना अभियंता. बोलीत ‘स्ट्रक्चरल ऑडिटर’. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींची अशी तपासणी बंधनकारक आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतींसाठी ती दर ५ वर्षांनी, त्यापुढे दर ३ वर्षांनी सांगितली आहे.

कार्यपद्धती : जुन्या सोसायट्यांकडे मूळ आराखडे बहुधा नसतात, तेव्हा सळया कुठे व किती खोल आहेत हे कव्हर मीटरने शोधावे लागते. त्यानंतर गच्चीपासून तळमजल्यापर्यंत घरोघर पाहणी होते. छज्जे, न्हाणीघरांखालचे स्लॅब आणि कॉलमचे पाय येथे सर्वाधिक वेळ द्यावा. तडा सळईच्या रेषेत उभा गेला असेल, तर आत गंज धरल्याचा संशय घ्यावा : गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला की तेथील गिलावा काढून पाहणे आवश्यक.

काँक्रीटचा सामू सुरुवातीला १२-१३ असतो व तो सळईचे रक्षण करतो. हवेतील कार्बन डायऑक्साइडने तो उतरत जातो. ताज्या फोडलेल्या पृष्ठावर फेनॉल्फ्थॅलीन टाकल्यास निरोगी भाग गुलाबी होतो, बाधित भाग रंगहीन राहतो. बाधित थर कठीण झालेला असल्याने रिबाउंड हॅमर तेथे बळ जास्त दाखवतो. म्हणून केवळ त्या आकड्यावर विसंबू नये. स्वनातीत स्पंदवेग सेकंदाला ३ किमीच्या खाली असल्यास काँक्रीटचा दर्जा शंकास्पद मानत आले आहेत. गरज पडल्यास गाभा-नमुना काढतात.

वर्गवारी : सी-१ (तत्काळ रिकामी करून पाडणे), सी-२अ (रिकामी करून मोठी दुरुस्ती), सी-२ब (न रिकामी करता संरचनात्मक दुरुस्ती), सी-३ (किरकोळ दुरुस्ती). सी-१ शेऱ्यावर भाडेकरू व मालक यांच्यात अनेकदा वाद होतो. परस्परविरोधी अहवाल आल्यास ते तांत्रिक सल्लागार समितीपुढे जातात.

दुर्घटना : डॉकयार्ड रोड (२७ सप्टेंबर २०१३, ६१ मृत्यू). घाटकोपर (२५ जुलै २०१७, १७ मृत्यू). येथे तळमजल्यावरील फेरबदल कारणीभूत असल्याचा आरोप झाला. महाड येथे २४ ऑगस्ट २०२० रोजी कोसळलेली इमारत दहा वर्षांचीही नव्हती. वयाधारित तपासणीच्या नियमात अशा इमारती येतच नाहीत.

शुल्क : तपासनीस व संस्था यांच्यात ठरते.