धारच्या शिळा आणि युरोपातील पंडित

धार जिल्ह्यातील पीथमपूर हे नाव आज यंत्रांच्या संगतीने घेतले जाते. इसवी सन १९८० नंतर तेथे औद्योगिक वसाहत वाढली, मोटारींचे व औषधांचे कारखाने उभे राहिले, आणि स्वीडनची व्होल्वो व भारतातील आयशर यांच्या संयुक्त कंपनीने तेथे मालमोटारींच्या एंजिनांचा मोठा कारखाना घातला. माळव्याच्या या टापूतून युरोपकडे काही जावे आणि युरोपातून काही यावे, यात आता कोणास नवल वाटत नाही. परंतु हा व्यवहार कारखान्यांनी सुरू केलेला नव्हे. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी याच जिल्ह्यातून, धार शहरातून, एक निराळाच माल जर्मनीस गेला होता. तो म्हणजे शाईने काळे केलेले काही मोठे कागद. त्या कागदांनी जे काम केले, त्याची हकीकत धारबाहेर फारशी कोणास ठाऊक नाही.

धार ही परमार राजांची राजधानी. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात भोजराजाने येथे राज्य केले आणि विद्वानांचा आश्रयदाता म्हणून त्याचे नाव लोकांच्या तोंडी कायमचे बसले. पुढे सत्ता पालटल्या. अठराव्या शतकात मराठ्यांच्या उत्तरेकडील मोहिमांनंतर धार पवार घराण्याकडे आली. दुसरा बाजीराव पेशवा १७७५ साली जन्मला तो धारच्याच किल्ल्यात. संस्थानाच्या कारभारात मराठी माणसे वावरत होती, दप्तर मराठी होते, आणि महाराष्ट्रातील विद्येचे वारे नर्मदा ओलांडून तेथवर सहज पोहोचत होते.

त्या वाऱ्यांत एक युरोपीय प्रवाह मिसळलेला होता. १८६३ साली गेऑर्ग ब्यूलर हा जर्मन पंडित मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात आला. १८६६ साली फ्रान्झ कीलहॉर्न पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. दोघांनी मिळून मुंबई संस्कृत ग्रंथमाला चालविली. कीलहॉर्नने पतंजलीच्या महाभाष्याची जी आवृत्ती १८८० ते १८८५ या वर्षांत प्रसिद्ध केली, तिच्यामागे पुण्याच्या शास्त्र्यांकडून मिळालेल्या पाठपरंपरेचे बळ होते. उलट बाजूने रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८८६ साली व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेस गेले. परमारांच्या इतिहासालाही या देवघेवीचा लाभ झालाच. भोजाचा पिता सिंधुराज याच्यावरील 'नवसाहसांकचरित' या काव्याची युरोपीय विद्वानांस ओळख ब्यूलर व त्साखारिए यांनी १८८८ साली व्हिएन्नाहून करून दिली, आणि त्याची छापील आवृत्ती वामनशास्त्री इस्लामपूरकर यांनी १८९५ साली मुंबईत काढली. एकाने वार्ता द्यावी, दुसऱ्याने ग्रंथ द्यावा, असा तो क्रम होता.

या पार्श्वभूमीवर १९०३ साल उजाडले. धार संस्थानच्या शिक्षणखात्याचे अधीक्षक त्या वेळी का. कृ. लेले हे होते. शाळा तपासणे, मास्तरांच्या नेमणुका पाहणे हे त्यांचे नेमलेले काम. जुन्या लेखांचा शोध हा त्यांनी आपण होऊन पत्करलेला उद्योग. धार शहरात कमाल मौला यांच्या दर्ग्याजवळ जी प्राचीन वास्तू आहे, आणि जी भोजशाळा या नावानेही ओळखली जाते, तिच्या भिंतींत व फरशीत अक्षरे कोरलेल्या शिळा बसविलेल्या होत्या. कित्येकांवरील अक्षरे झिजून वा घासली जाऊन नाहीशी झालेली. काही शिळांची मात्र अक्षरांची बाजू आत राहिल्याने ती अक्षरे वाचली होती. अशा शिळा लेले यांच्या नजरेस आल्या, आणि त्यांवरील मजकूर नुसता दानपत्राचा वा वंशावळीचा नसून वाङ्मयाचा आहे, हे त्यांनी ओळखले.

येथे त्या काळ्या कागदांचा संबंध येतो. कोरीव लेखाचा ठसा घेण्याची रीत सोपी दिसते, पण तीत हात मुरलेला असावा लागतो. प्रथम शिळा धुऊन अक्षरांतील माती काढावयाची. मग ओला केलेला कागद तिच्यावर अंथरून ब्रशाने ठोकीत ठोकीत अक्षरांच्या खाचांत बसवावयाचा. कागद किंचित सुकत आला की शाईचा बोळा वरून हलक्या हाताने फिरवावयाचा. शाई उंच भागास लागते, खाचा पांढऱ्या राहतात, आणि काळ्या भूमीवर पांढरी अक्षरे उमटतात. बोळा जड झाला तर अक्षरे बुजतात. कागद फार ओला राहिला तर फाटतो. परंतु नीट घेतलेला ठसा हा त्या शिळेचा विश्वासू साक्षीदार असतो. त्याची घडी घालता येते, तो टपालाने पाठविता येतो, आणि विशेष म्हणजे तो निघून गेला तरी शिळा जागच्या जागी राहते.

धारचे ठसे ज्या दोघांच्या मेजावर जाऊन पोहोचले, ते दोघेही त्या विषयातील अधिकारी पुरुष होते. ऑयगेन हुल्श हा मद्रासेत सरकारी लेखतज्ज्ञ म्हणून सतरा वर्षे काम करून १९०३ सालीच जर्मनीतील हाले विद्यापीठात प्राध्यापक झाला होता. त्याच्या आधी हालेस असलेला रिशार्ट पिशेल हा बर्लिनला गेला होता. त्याने प्राकृत भाषांचे मोठे व्याकरण १९०० साली प्रसिद्ध केलेले होते. संस्कृत शिळेचा ठसा हुल्शकडे आणि प्राकृत शिळेचा पिशेलकडे गेला. दोघांचेही निबंध 'एपिग्राफिया इंडिका' या भारत सरकारच्या नियतकालिकाच्या १९०५-०६ च्या आठव्या खंडात आले.

हुल्शने वाचलेल्या शिळेवर ब्याऐंशी ओळी होत्या, आणि त्या ओळींत एक नाटक होते. त्याचे नाव 'पारिजातमंजरी' अथवा 'विजयश्री'. कर्ता मदन, ज्याला बालसरस्वती असे बिरुद होते. तो मूळचा गौड देशाच्या म्हणजे बंगालच्या गंगाधर नावाच्या पुरुषाच्या वंशातला आणि परमार राजा अर्जुनवर्मा याचा गुरू. कथानक असे की, गुजरातच्या चालुक्य राजावर अर्जुनवर्म्याने विजय मिळविताच स्वर्गातून पारिजाताची मंजरी त्याच्या छातीवर पडली आणि तिची एक कन्या झाली. पुढे राजा, राणी सर्वकला आणि ही नवी नायिका यांच्यामधील मानापमानाचा खेळ रंगतो. प्रस्तावनेत धारा नगरीतील चौऱ्याऐंशी चौकांचा उल्लेख आहे, आणि वसंतोत्सवात शारदेच्या मंदिरात हे नाटक प्रथम होणार असे सूत्रधार सांगतो.

नाटकाचा नायक म्हणजे गादीवर बसलेला राजाच, ही गोष्ट इतिहासकाराच्या दृष्टीने मोलाची ठरली. अर्जुनवर्म्याचे १२११ ते १२१५ या काळातील ताम्रपट एकोणिसाव्या शतकातच प्रसिद्ध झालेले होते, आणि त्यांचा मजकूर रचणारा म्हणून राजगुरू मदन याचेच नाव त्यांत होते. ताम्रपटांतील कोरडे नाव आणि शिळेवरील रसाळ कवी हे दोघे एकच होत, हे आता दिसून आले. एवढेच नव्हे, तर भोजानंतर दीडशे वर्षांनीही धारेत नाटके रचली जात होती आणि ती दगडावर कोरून ठेवण्याइतकी त्यांची प्रतिष्ठा होती, हेही सिद्ध झाले.

पिशेलच्या वाट्यास आलेली शिळा मराठी माणसाला अधिक जवळची आहे. तिच्यावर 'कूर्मशतक' म्हणून ओळखली जाणारी दोन काव्ये आहेत. प्रत्येकात १०९ आर्या; विषय, पृथ्वी पाठीवर धरणाऱ्या कूर्माची स्तुती; कर्तृत्व भोजराजाच्या नावे. एकच कल्पना शंभरांहून अधिक वेळा फिरवून मांडलेली असल्याने काव्य म्हणून त्यांची योग्यता बेताची आहे. पण त्यांची भाषा महाराष्ट्री प्राकृत आहे. ज्या भाषेच्या कुळात मराठीचा जन्म झाला, त्या भाषेतील काव्य माळव्यात दगडावर कोरलेले सापडावे, ते एका मराठी शिक्षणाधिकाऱ्याने हुडकावे आणि बर्लिनच्या प्राध्यापकाने त्याचा पाठ लावावा, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे. पिशेलला पुढे कलकत्ता विद्यापीठाने प्राकृतावर व्याख्याने देण्यासाठी बोलाविले. तो निघालाही, परंतु वाटेत आजारी पडून १९०८ च्या डिसेंबरात मद्रासेत वारला. व्याख्याने झालीच नाहीत.

या साऱ्या उद्योगात वाटणी समान होती असे मात्र म्हणता येत नाही. निबंध इंग्रजीत निघाले आणि ते खंड मोठ्या ग्रंथालयांतच गेले. ज्या शहराची ती शिळा, त्या शहरातील विद्यार्थ्याला तिच्यावर काय लिहिले आहे हे कळण्याची सोय नव्हती. पुढच्या काळात निबंधकारांची नावे ग्रंथांच्या टीपांत वारंवार आली. शिळा हुडकणाराचे नाव एखाद्या ओळीत येऊन गेले. तरी लेले केवळ ठसे पुरवून थांबले नाहीत. कॅप्टन लुअर्ड यांच्यासह त्यांनी 'धार व माळव्याचे परमार' हा इंग्रजी ग्रंथ लिहिला आणि तो १९०८ साली मुंबईत छापला गेला. ठसे पाठविणारा हात लेखणीही धरू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले.

धारहून युरोपास केवळ ठसेच गेले असते तर ही कथा निर्वेध झाली असती. परंतु १८७५ साली धारेत एक संगमरवरी देवीमूर्ती सापडली आणि ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेली. तिच्या बैठकीवर संवत १०९१, म्हणजे इसवी सन १०३४, असा काळ कोरलेला आहे आणि भोजाचे नावही आहे. १९२४ साली ओ. सी. गांगुली आणि काशिनाथ नारायण दीक्षित यांनी ही भोजाची वाग्देवी होय असे प्रतिपादन केले. दीक्षित हे पुढे भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले. त्यांचे मत सर्वमान्य झाले, आणि धारच्या लोकभावनेत ही मूर्ती सरस्वतीचीच राहिली आहे. परंतु लेखातील झिजलेल्या अक्षरांचे पुन्हा वाचन करून हरिवल्लभ भायाणी यांनी १९८१ साली दाखविले की, वररुची नावाच्या पुरुषाने आधी वाग्देवी करविली आणि त्यानंतर ही जैन परंपरेतील अंबिका करविली, असा त्याचा आशय आहे. दीक्षितांसारख्या जाणत्याचा निष्कर्षही अशा रीतीने पुन्हा तपासला गेला. मतभेद झाला म्हणून विद्येचे काही बिघडत नाही. मात्र मूळ वस्तू हजारो कोस दूर असली म्हणजे ज्यांच्या जिव्हाळ्याचा तो विषय, त्यांना ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येत नाही, आणि वादास संशयाची धार चढते.

याच भायाणींनी धारच्या आणखी एका शिळेचा पाठ १९५७ च्या सुमारास प्रसिद्ध केला होता. ती शिळा मुंबईत, आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संग्रहालयात आहे. तिच्यावरील 'राउळवेल' या काव्यात निरनिराळ्या प्रांतांतील स्त्रियांचे वर्णन त्या त्या बोलीच्या छटेत केलेले आहे, आणि त्यांत जुन्या मराठीची छटाही अभ्यासकांनी ओळखली आहे. अर्धशतकापूर्वी ठसे वाचून घेण्यासाठी जर्मनीस पाठवावे लागत होते. आता पाठ लावणारा पंडित याच देशात होता. तथापि त्याच्या हाताशी जे प्राकृताचे व्याकरण होते, त्यात पिशेलचे श्रम मुरलेले होते. देवघेव खरी झाली होती ती येथे.

मूर्ती नेली तेव्हा धारची जागा रिकामी झाली. ठसा नेला तेव्हा धारचे काहीच उणे झाले नाही. उलट मुकी शिळा बोलू लागली. दोन खंडांमधील विद्येच्या व्यवहाराची चांगली रीत कोणती, याचे उत्तर या दोन उदाहरणांत आहे. आणि तो व्यवहार अजून पुरा झालेला नाही. मदनाने आपले नाटक चार अंकांचे रचले. सापडलेल्या शिळेवर पहिले दोनच अंक आहेत. राजा, राणी आणि पारिजाताची ती कन्या दुसऱ्या अंकाच्या शेवटी जेथे उभी राहिली, तेथेच ती अद्याप उभी आहेत. उरलेले दोन अंक कोरलेली शिळा अजून कोणाच्या हाती लागलेली नाही.