ब्लॉक

ब्लॉक (नाम, पुल्लिंगी, इंग्रजीतून). मुंबईच्या उपनगरांतल्या मराठीत या शब्दाचे दोन ठळक अर्थ आहेत : राहते घर आणि रेल्वेचा खोळंबा. क्रियापद दोन्हींना एकच, ‘घेणे’. माणसे ब्लॉक घेतात, रेल्वेही घेते.

१. संडास-न्हाणीघर दाराच्या आत असलेले घर. चाळीतल्या ‘खोली’च्या उलट. ‘त्यांनी मुलुंडला ब्लॉक घेतला’ म्हटले की गिरगाव-लालबागची चाळ सुटली, सकाळची रांग संपली, हे ऐकणाऱ्याला कळे. खोल्या किती, ही चौकशी नंतरची. मालकी सदनिकांचा कायदा १९६३ चा. त्यातला ‘सदनिका’ हा शब्द करारनाम्यातच राहिला. लोक ‘ओनरशिपचा ब्लॉक’ म्हणत राहिले. हल्ली जाहिरातींत फ्लॅट आणि वन बीएचके. साठी ओलांडलेल्यांच्या तोंडी मात्र अजून ब्लॉकच.

२. रूळ, सिग्नल आणि ओव्हरहेड वायर यांच्या दुरुस्तीसाठी ठरावीक वेळ गाड्यांना बंद ठेवलेला मार्ग. गाड्या थांबवल्या की ट्रॅफिक ब्लॉक, तारेतला २५,००० व्होल्टचा प्रवाह तोडला की पॉवर ब्लॉक. प्रवाशाला दोन्ही सारखेच. मध्य रेल्वेवर रविवारचा ‘मेगाब्लॉक’, पश्चिमेवर ‘जम्बोब्लॉक’. मोठेपणाची ही चढाओढ नावापुरतीच, ताप तोच. मध्य रेल्वेचा नेहमीचा पट्टा माटुंगा ते मुलुंड. जलद मार्ग बंद असला की फास्ट गाड्या स्लो रुळांवर वळवतात आणि त्या शीव, विक्रोळी, भांडुपलाही थांबतात. कल्याणकर वैतागतो, भांडुपकराला मात्र आयती फास्ट मिळते. पश्चिमेला अंधेरी, गोरेगाव, बोरिवली ही नावे रविवारच्या सूचनांत वारंवार येतात. फलाट रुंद करण्यासाठी ठाण्यात मे-जून २०२४ मध्ये घेतलेला ब्लॉक ६३ तासांचा होता. ‘उद्या ब्लॉक आहे’ एवढे सांगितले की साखरपुड्याला उशीर माफ होतो. कारण खरे होते का, हे सहसा कोणी तपासत नाही.

३. पदपथावर बसवलेली सिमेंटची वीट. पूर्ण नाव पेव्हर ब्लॉक. पावसाळ्यात त्यातली एखादी सुटून हलते आणि खालचे पाणी पायजम्यावर उडते.

४. मोबाइलवर एखाद्याचा नंबर बंद करणे. इथे क्रियापद ‘करणे’.

रूपे : घराच्या अर्थी ‘ब्लॉकात’ आणि ‘ब्लॉकमध्ये’ दोन्ही चालतात. रेल्वेच्या अर्थी बहुधा ‘ब्लॉकमुळे’.