कोकणातल्या गावात सांडपाणी कुठे मुरवायचे? जांभा, पाऊस आणि विहिरीचे गणित

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाड्यांमध्ये मोरीचे पाणी पाटाने अळवाच्या वाफ्यात, केळीला किंवा माडाच्या आळ्यात सोडण्याची पद्धत जुनी आहे. पाणी विहिरीवरून कळशीने यायचे, तोवर एवढे पुरत असे. आता घरोघरी नळ आले. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनचे उद्दिष्ट माणशी रोज ५५ लिटर पाणी देण्याचे आहे. म्हणजे पाच जणांच्या घरात २७५ लिटर. त्यातले बरेचसे पाणी वापरून बाहेर पडते. ते रस्त्यात साचले की डास वाढतात. चुकीच्या जागी मुरले, तर थेट विहिरीत जाऊ शकते.

सांडपाण्याचे दोन प्रकार

न्हाणी, स्वयंपाक, धुणीभांडी यांचे पाणी म्हणजे करडे पाणी. शौचालयातले मैलामिश्रित पाणी म्हणजे काळे पाणी. करडे पाणी थोडे गाळून झाडांना देता येते. काळ्या पाण्यात कावीळ, गॅस्ट्रो, विषमज्वराचे जंतू असू शकतात. म्हणून ही दोन्ही पाणी एकत्र करू नयेत, हा पहिला नियम.

शोषखड्डा कसा काम करतो?

एका घरासाठी साधारण एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घेतात. तळाशी मोठे दगड आणि वर लहान दगड भरतात. तोंडाशी भोके पाडलेले मडके किंवा बादली ठेवून त्यात नारळाची सोडणे घालतात. साबणाचा मेण आणि भाताची शिते तिथेच अडकतात. सोडणे वेळोवेळी बदलली नाहीत, तर खड्डा तुंबतो. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावात घरोघरी असे खड्डे झाले. पाणी उघड्यावर साचेना, तशी डासांची पैदासही आटोक्यात आली. राज्यात ही पद्धत ‘मॅजिक पिट’ नावाने ओळखली जाते.

कोकणात अडचण काय?

जांभा सच्छिद्र असतो आणि त्यात भेगाही असतात. त्यामुळे पाणी झटपट मुरते, पण पुरेसे गाळले जात नाही. पाणी खरे गाळते ती माती, आणि सड्यावर मातीचा थर पातळ असतो. त्यात रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पावसाळ्यात भूजल वर येते. मे महिन्यात कोरडा असलेला खड्डा जुलैमध्ये भूजलातच बुडू शकतो.

म्हणून इथे खड्डा उथळ ठेवावा. तो विहिरीच्या उताराच्या बाजूला घ्यावा, वरच्या बाजूला कधीच नाही. विहिरीपासून किमान १० मीटर अंतर सांगितले जाते. भेगाळ कातळात तेवढेही पुरेल असे नाही, तिथे अंतर वाढवावे. पागोळ्यांचे पाणी खड्ड्यात शिरू देऊ नये. जिथे माती आहे, तिथे परसबाग हा शोषखड्ड्याहून चांगला पर्याय ठरतो.

शौचालयाचे काय?

दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयात एका वेळी एकच खड्डा वापरतात. तो भरला की बंद करून दुसरा सुरू करतात. दीड-दोन वर्षांत बंद खड्ड्यातल्या मैल्याचे खत होते. सेप्टिक टाकीतून बाहेर पडणारे पाणी मात्र शुद्ध नसते. ते गटारात किंवा वहाळात सोडू नये. टाकीतला गाळही ठरावीक काळाने उपसावा लागतो आणि पाखाडीच्या वाडीत टँकर पोहोचत नाही. तिथे दोन खड्डेच सोयीचे. पण हे खड्डेही जमिनीतच मुरतात, म्हणून विहिरीच्या अंतराचा नियम त्यांना अधिक काटेकोरपणे लागू होतो.

पैसा कुठून?

शहरासारखा प्रक्रिया प्रकल्प उतारावर विखुरलेल्या वाड्यांना परवडत नाही, कारण वाहिन्यांचाच खर्च मोठा होतो. २०२० मध्ये मंजूर झालेल्या स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) टप्पा दोनमध्ये ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला करड्या पाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत तरतूद होती. त्यातला ३० टक्के वाटा ग्रामपंचायतीने पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून द्यायचा होता.

खड्ड्याची जागा मात्र निधी ठरवत नाही. ती ठरवण्यापूर्वी पावसाळ्यात विहिरीचे पाणी किती वर येते, हे पाहावे आणि विहिरीच्या पाण्याची तपासणी पावसाळ्याआधी व नंतर करून घ्यावी.