कमला सोहोनी यांचे पेशीश्वसनविषयक संशोधन

कमला सोहोनी (१९११–१९९८), पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. वनस्पतींच्या पेशीश्वसनातील सायटोक्रोम सी आणि सायटोक्रोम ऑक्सिडेज यांवर त्यांनी केंब्रिज विद्यापीठात संशोधन केले आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या आरंभीच्या भारतीय महिलांमध्ये त्यांची गणना होते. ज्येष्ठ लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी.

शास्त्रीय पार्श्वभूमी

पेशी अन्नातील ऊर्जा एकदम मुक्त करीत नाही. अन्नाच्या विघटनातून निघालेले इलेक्ट्रॉन एका वाहकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि अखेरीस ऑक्सिजनशी संयोग होऊन पाणी तयार होते. या प्रवासात मुक्त होणारी ऊर्जा एटीपी या रेणूत साठवली जाते. सायटोक्रोम सी हे लोहयुक्त प्रथिन असून ते स्वतः विकर नाही. ते इलेक्ट्रॉन सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकराकडे पोहोचवते. सायनाइडमुळे याच विकराचे कार्य थांबते, म्हणून ते प्राणघातक ठरते.

डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये प्राणी, यीस्ट आणि उच्च वनस्पती यांतील या रंगद्रव्यांना सायटोक्रोम हे नाव दिले. तथापि वनस्पतींच्या श्वसनातील अखेरचे विकर कोणते, याविषयी मतभेद होते. बटाटा कापल्यावर तपकिरी करणारे फिनॉल ऑक्सिडेज हेच ते विकर असावे, असाही एक विचार होता.

बंगळूर येथील प्रवेश

मुंबई विद्यापीठाची पदवी १९३३ मध्ये घेतल्यावर सोहोनी यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. त्या स्त्री असल्याने संचालक सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. त्यांनी हा निर्णय मान्य केला नाही. अखेर एक वर्षाच्या परिवीक्षेच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व डाळींतील प्रथिनांचा अभ्यास केला.

केंब्रिज येथील संशोधन

१९३७ मध्ये त्या केंब्रिजला गेल्या. तेथे प्रथम डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्यासमवेत त्यांनी काम केले. बटाट्यावरील अभ्यासात त्यांना सायटोक्रोम सी आढळले. सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजविषयीचे हिल व भागवत यांचे टिपण १९३९ मध्ये ‘नेचर’मध्ये, तर सविस्तर निबंध १९५१ मध्ये ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध सुमारे ४० पानांचाच होता.

महत्त्व

सोहोनी यांनी सायटोक्रोमचा शोध लावला, असे काही वेळा लिहिले जाते. ते अचूक नाही. सायटोक्रोमवर आधारलेली श्वसनव्यवस्था वनस्पतींतही कार्य करते, याला प्रायोगिक आधार देणे हे त्यांच्या कामाचे खरे मोल होय. प्राणी आणि वनस्पती यांच्या श्वसनातील मूलभूत साम्य त्यातून अधिक स्पष्ट झाले.

उत्तरकार्य

१९३९ मध्ये भारतात परतल्यावर त्यांनी दिल्ली व कुन्नूर येथे काम केले. १९४७ मधील विवाहानंतर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक आणि पुढे संचालक झाल्या. तेथे त्यांनी नीरा, डाळी इत्यादी सामान्यांच्या आहारातील पदार्थांच्या पोषणमूल्यांवर संशोधन केले.